लाँचच्या शेपटातलं पाणी

भावाच्या कमरेला करदोडा नव्हता, ही गोष्ट आमच्या गल्लीला त्याच्या मरणापेक्षा मोठी वाटली. माणूस ऐन चाळिशीत गेला, सकाळी वर्कशॉपचं शटर वर करता करता गेला, याचं नवल दुपारपर्यंत संपलं होतं. हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी सांगितलं आणि लोकांनी माना हलवल्या. पण दारात त्याला शेवटची आंघोळ घालताना आमच्या चुलत्यांनी करदोडा तोडायला कमरेकडे हात नेला आणि तो हात तिथंच थांबला. त्यांनी एकदा चाचपलं, पुन्हा चाचपलं. कंबर मोकळी होती.

करदोडा म्हणजे कमरेचा काळा दोरा. आमच्याकडे तो पोरगं पाळण्यात असतानाच बांधतात. पुढं माणूस वाढतो, सुटतो, दोरे जुने होतात, पण नवा बांधल्याशिवाय जुना काढायचा नाही, ही रीत. तोडायचा तो एकदाच, माणूस गेल्यावर, आणि तोही घरच्याच माणसानं. एरवी असल्या गोष्टींकडे मी फारसं लक्ष दिलं नसतं. पण आमच्या काकींना तिथंच, सगळ्या बायकांच्या देखत बोलायचं होतं.

"कुठं सोडून आलाय की करदोडा," काकी म्हणाल्या. "न तोडता गेला. आता जीव हितंच अडकून ऱ्हातोय बघा."

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिनं ते ऐकलं. तिनं ऐकावं म्हणूनच ते म्हटलं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. काकींच्या वाक्याचा दुसरा भाग देवाधर्माचा होता, तो विरून गेला. पहिल्या भागाला मात्र पाय फुटले. पुरुषाचा करदोडा परक्या ठिकाणी सुटतो म्हणजे काय, हे गल्लीत कुणी कुणाला तोंडानं सांगितलं नाही. त्याची गरज नव्हती.

तो करदोडा वहिनीनं स्वतः वळलेला होता. तिचं माहेर कागलच्या पलीकडचं. तिच्या आईकडून ती गोफ वळायला शिकली होती, आणि काळ्या दोऱ्यांत एक पदर तांबडा घालायचा ही त्या घरची पद्धत होती. दर दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला दादाला नवा करदोडा मिळायचा. मलाही मिळायचा. मी तेव्हा बिनलग्नाचा होतो, दादाच्याच घरी राहायचो आणि त्याच्याच वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचो. माझ्या कमरेला जो दोरा होता तसाच दादाच्या कमरेला असायला हवा होता.

वहिनीनं तो शोधला. न्हाणीतला दगड उचलून बघितला, मोरीची जाळी काढून बघितली. दादाच्या पँटी उलट्या करून त्यांच्या शिवणी चाचपल्या. गादी उसवून पुन्हा शिवली. मग एक दिवस जेवायला वाढता वाढता, माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "भावजी, वर्कशॉपात कुठं पडलाय काय वो?" मी म्हटलं, बघतो. बघितलं. लोखंडाच्या किसाचे ढीग चाळले. नव्हता.

त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही. पण रोज संध्याकाळी मी घरी आलो की तिची नजर आधी माझ्या हातांवर जायची, मग तोंडावर. हात रिकामे दिसले की ती वळून स्टोव्हकडे जायची. हे रोजचं झालं. तिला दुसरं काही नको होतं. तो दोरा कुठं सुटला, तेवढं कळायला हवं होतं. कळल्याशिवाय तिला नवऱ्यासाठी धड रडताही येत नव्हतं, कारण कसल्या माणसासाठी रडायचं हेच गल्लीनं तिच्यासाठी अवघड करून ठेवलं होतं.

आणि मी? माझं काही विचारू नका. मला काही वाटतच नव्हतं. दादा गेला त्या दिवशी मी खांदा दिला, घरी आलो, चहा प्यालो. बाराव्या-तेराव्याला लोकांना पत्रावळी वाढल्या. वर्कशॉप उघडलं, पंपांचे शाफ्ट कातले, गिऱ्हाइकांशी भांडलो. माझं भांडणही पहिल्यासारखंच होतं, त्यात काही फरक पडला नाही. रात्री झोपही लागायची. दाढेत इंजेक्शन घेतल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. चिमटा काढला तर कळायचं की चिमटा काढलाय, इतकंच.

तसंच वर्ष सरत आलं. दिवाळी आली. वहिनीनं मला करदोडा वळून दिला, तसाच, तांबड्या पदराचा. एकच वळला होता. तो माझ्या हातात देताना तिनं मान दुसरीकडे केली आणि मी तो बांधून घेतला.

दिवाळीनंतर धरणावरच्या लाँचचा ड्रायव्हर वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला. मुरगूडच्या पुढं, डोंगराकडच्या बाजूला एक धरण आहे. त्या पाण्यापलीकडच्या वाड्यांना बाजाराला, दवाखान्याला, कचेरीला यायचं म्हणजे ही सरकारी लाँच, नाहीतर डोंगराला वळसा घालून दिवसभराची चाल. ड्रायव्हर पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, आवाज असा की उभ्या बाजारात ऐकू जावा. पण त्या दिवशी तो हळू बोलला.

"थोरल्या मालकांचं मला लै उशिरा कळलं, पावणं," तो म्हणाला. "यायला तोंड न्हवतं. आता बी आलो न्हसतो. पर लाँचमधी पाणी यितंय. सायेब म्हनत्यात, ही शेवटची दुरुस्ती. गळायची थांबली न्हाई तर भंगारात घालायची."

ती लाँच दादाचं लाडकं दुखणं होतं. परदेशी बनावटीची. तिच्याबरोबर आलेलं पुस्तक कुठल्यातरी भाषेत होतं, जी कोल्हापुरात कुणाला येत नव्हती. दादानं चित्रं बघून सगळं शिकून घेतलं होतं. साध्या लाँचमध्ये इंजिन मधे असतं आणि लांब दांडा तळातून मागच्या पंख्यापर्यंत जातो. हिचं तसं नव्हतं. इंजिन अगदी मागच्या भिंतीला टेकलेलं, आणि भिंतीच्या बाहेर पाण्यात लोंबणारं एक जडशीळ लोखंडी शेपूट. त्या शेपटाच्या टोकाला पंखा. सुकाणू वेगळं नाहीच, शेपूट डावीकडे-उजवीकडे वळलं की बोट वळते. गाळात अडकू नये म्हणून ते वरही उचलता येतं. कागदोपत्री त्याला स्टर्नड्राइव्ह म्हणत. ड्रायव्हर म्हणायचा शेपूट, म्हणून आम्हीही शेपूट.

आता इंजिनाचा फिरता शाफ्ट त्या शेपटात जायचा म्हणजे बोटीच्या भिंतीला भोक आलं, आणि तेही पाण्याच्या रेषेखाली. त्या भोकातून तळं आत येऊ नये म्हणून शाफ्टभोवती रबराचा एक जाड, घड्याघड्यांचा नळा बसवलेला असतो. लोहाराच्या भात्यासारखा दिसतो म्हणून दादा त्याला भाताच म्हणायचा. भात्याचं एक तोंड भिंतीला, दुसरं शेपटाला, दोन्ही लोखंडी पट्टीनं आवळलेली. शेपूट वळलं की भाता एका बाजूनं ताणला जातो, दुसऱ्या बाजूनं चुरगळतो. पाणी आणि बोट यांच्यामधे तेवढं एक रबर.

मी हत्यारं पिशवीत भरली आणि ड्रायव्हरबरोबर एसटीत बसलो. वाटेत त्यानं मला दादाचा शेवटचा दिवस सांगितला, जो मला माहीत नव्हता. म्हणजे दादा मरायच्या आदल्या दिवशी धरणावर गेला होता, आणि भिजून परत आला होता, एवढं घरी सगळ्यांना माहीत होतं. का भिजला ते कुणी विचारलं नव्हतं. बोटीचं काम करणारा माणूस भिजणारच.

"बाजाराचा दिवस," ड्रायव्हर सांगत होता. "बोट भरलेली. बाया, पोरं, दोन शेरडं. मालक सर्विस करून झाल्यावर म्हनलं, चला, एक फेरी मारून बघूया. मधल्या पाण्यात गेलो आन् मागनं भसाभस पाणी. मी इंजिन बंद केलं. मालकांनी सगळ्यांस्नी हाकललं पुढच्या टोकाला, म्हंजे मागचं जरा वर यावं. माझ्या हातात बादली दिली, म्हनलं उपसत ऱ्हा. आन् कापडासकट पाण्यात. बाया बोंबलायला लागल्या, वाटलं बुडाला ह्यो. मी तरी काय बघनार, मी बादलीत. बऱ्याच येळानं वर आलं. म्हनलं, आता हळू चल, डावीकडं वळवू नगं."

"काय केलं त्यानं खाली?"

"काय म्हाईत. काठाला लागल्यावर मी मानसं उतरवली, तवर त्यांनी वरनं सफेदा फासला बी व्हता. म्हनलं नवी पट्टी घिऊन सोमवारी यितो." ड्रायव्हर खिडकीबाहेर बघू लागला. "सोमवार काय आला न्हाई."

सफेदा म्हणजे नळाच्या जोडाला लावतात तो पांढरा लगदा. आमच्याकडे गळक्या जोडावर पहिला उपाय तोच: दोरा गुंडाळायचा, वरून सफेदा फासायचा. दोन दिवस टिकेल म्हणून केलेला जोड वीस वर्षं टिकलेला मी बघितलाय. मला त्या वेळी ड्रायव्हरचं बोलणं ऐकून काही सुचायला हवं होतं. पण मी म्हटलं ना, मला काही वाटत नव्हतं आणि सुचतही नव्हतं. मी खिडकीतून ऊस बघत होतो.

धरणाच्या काठावर लाँच बांधलेली होती. आत घोट्याएवढं पाणी, वर तेलाचे रंगीत तवंग. आम्ही आधी सगळं उपसलं, मग पोत्यांनी पुसलं, मग उन्हात तळ कोरडा होऊ दिला. गळती शोधायची तर आधी कोरडं करावं लागतं. ओल्या बोटीत सगळंच गळतंय असं वाटतं.

मग ड्रायव्हर कुठूनतरी गुलालाची पुडी घेऊन आला. जोतिबाच्या यात्रेतला उरलेला, गुलाबी, जुना झालेला. ही दादाचीच युक्ती, त्यानं सांगितलं. तळाच्या कोरड्या लाकडावर, नळ्यांच्या जोडांखाली, बुचाभोवती, भिंतीला आतून, सगळीकडे आम्ही चिमटीनं गुलाल भुरभुरला. पाणी जिथून येतं तिथं गुलाल ओला होऊन गडद लाल होतो आणि पाणी ज्या वाटेनं जातं ती रेघ उमटते. बोट अगदी लग्नातल्या मांडवासारखी दिसायला लागली. ड्रायव्हरला हसू आलं, मला नाही.

बांधलेल्या बोटीत तासभर वाट बघितली. गुलाल कोरडा. इंजिन चालू करून जागेवरच ठेवलं, म्हणजे थंड करणारं पाणी नळ्यांतून फिरू लागलं. नळ्या कोरड्या, पंप कोरडा, बूच कोरडं. मग पाण्यात नेली, सरळ चालवली. थोडीशी ओल, नक्की कुठली ते कळेना. उजवीकडे वळवली, तीच ओल. डावीकडे वळवली आणि मागच्या भिंतीवर, शाफ्टच्या भोकाखालून, गुलालात बोटभर रुंदीचा लाल ओघळ उतरला.

झालं. गळती सापडली होती. डावीकडे वळलं की भाता ज्या बाजूनं ताणला जातो, त्या बाजूचं तोंड सैल झालेलं, फट पडत होती. दहा वर्षांच्या पोरानंही सांगितलं असतं. तरी मी त्यानंतर उरलेला दिवस काय केलं असेल? गियरच्या वायरीची रबरी टोपी बदलली. भिंतीच्या बोल्टांखाली नवीन वॉशर घातले. धड असलेली एक नळी कापून दुसरी बसवली. ड्रायव्हर मुकाट्यानं हत्यारं देत होता. भात्याला हात लावायचं नाव आम्ही दोघंही काढत नव्हतो.

कारण भात्याच्या त्या तोंडावर दादाचं काम होतं. आम्ही बोटीच्या पुढच्या टोकात दगड भरले, मागचं टोक वर आलं, शेपूट उचललं, तेव्हा ते दिसलं. पांढऱ्या सफेद्याचा, दगडासारखा कडक झालेला जाड वळा. त्यावर हळदकुंकवाचे सुकलेले डाग होते.

"खंडेनवमीला पूजा केली," ड्रायव्हर ओशाळून म्हणाला. "इंजिनाची केली, तवा ह्येची बी केली. मालकांचा शेवटचा हात हाय त्यो. सायबांनी दुसरा मेस्त्री धाडला व्हता, मी त्येला शिवू दिलं न्हाई. म्हनलं, दुसरीकडं कुठंबी बघ."

बिचारा मेस्त्री. साहेब बोट भंगारात काढायला निघाले होते, पलीकडच्या वाड्यांची वाट बंद होणार होती, ड्रायव्हरची भाकरी जाणार होती, आणि हा गळतीवर कुंकू लावून बसला होता. मी त्याला चार शब्द सुनवायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी तरी दिवसभर काय केलं होतं? दादाचं काम चुकलेलं निघालं तर काय, ही भीती होती. त्याच्याबद्दल गल्लीत जे बोललं जात होतं ते पुरेसं होतं. त्यात त्याची कारागिरीही खोटी निघाली, हे मला नको होतं. भीती म्हणजे काहीतरी वाटणंच की. पण तेव्हा ते मला कळलं नाही.

रात्री ड्रायव्हरच्या घरी भाकरी खाल्ली, झोपलो. सकाळी त्याला म्हटलं, "मी काढतो. तू लांब उभा राहा."

"मालकांनी दिलं असतं का काढू?" त्यानं विचारलं.

"त्यानंच सोमवारी येऊन काढलं असतं."

हे त्याला पटलं. तो लांब न जाता माझ्याजवळच गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि शेपूट धरून ठेवलं.

वळा हातानं हलेना. छिन्नी लावली तर रबर फाटायची भीती. मग मी करवतीचं तुटकं पातं फडक्यात धरलं आणि सफेद्यावर आडवं घासायला लागलो. पांढरा भुगा पाण्यात पडत होता. आधी कडक कवच कापलं गेलं, मग आत काहीतरी मऊ, चिवट लागलं. पातं त्यावर दोनदा सरकलं. तिसऱ्यांदा जोर दिला, तेव्हा ते कट्कन तुटलं आणि सगळा वळा सैल होऊन माझ्या हातात आला. भात्याचं तोंड मोकळं झालं. आतली परदेशी पट्टी गंजून दोन तुकडे झालेली होती, ती पाण्यात पडली.

मी वळा रॉकेलच्या डब्यात बुडवला. का, ते मला सांगता येणार नाही. सफेद्याखाली त्यानं कसली दोरी वापरली ते बघायचं होतं, बहुतेक. कारागिराची सवय. वरचा थर पोपडे होऊन सुटला. आतून काळा गोफ निघाला. दुहेरी करून भात्याभोवती घेतलेला, एका टोकाच्या फाशातून दुसरं टोक ओढलेलं, आणि त्यात एक पिन घालून, उसाच्या गाडीवर दोराला देतात तसा पीळ दिलेला. पाण्याखाली, एका हातानं बोटीला धरून, दुसऱ्या हातानं. मी पीळ सोडला. काळ्यात एक तांबडा पदर होता.

माझा हात आपोआप माझ्या कमरेला गेला. शर्टाखाली माझा करदोडा जागेवर होता. तसाच.

"कसली दोरी म्हनायची ही?" ड्रायव्हरनं विचारलं.

"दोराच आहे," मी म्हटलं. "चांगला होता. पाण्यानं कुजत आलाय."

तो फडक्यात गुंडाळून मी शर्टाच्या खिशात घातला आणि कामाला लागलो. आता वाटतं, तिथंच बसकण मारायला हवी होती. पण मी काम केलं. भात्याचं तोंड पुसलं, कुठं चीर आहे का ते घड्या उलगडून बघितलं. नव्हती. रबर अजून शाबूत होतं. त्या मापाची पट्टी कोल्हापुरात मिळत नाही, म्हणून ट्रॅक्टरच्या नळीच्या दोन पट्ट्या एकमेकींत गुंतवून एक मोठी केली आणि स्क्रू आवळला. तळ पुसला, नवा गुलाल टाकला. बोट मधल्या पाण्यात नेऊन मी ड्रायव्हरला म्हटलं, डावीकडे घे. त्यानं घेतली. अजून घे. त्यानं गोल गोल फिरवली, शेपूट पार टोकापर्यंत वळवून. काठावरची माणसं उभी राहून बघू लागली. गुलाल कोरडा होता.

"थोरल्या मालकांचं चुकलं व्हतं व्हय?" काठाला येताना त्यानं विचारलं. तो सकाळपासून हे विचारायला थांबला होता, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं.

"नाही," मी म्हटलं. "दोन दिवसांसाठी बांधलं होतं. इतके महिने धरलं."

त्याचं तोंड उजळलं. मला परत पोचवायला तो मुरगूडपर्यंत आला. तिथं एसटीला वेळ होता. मी स्टँडवर भजी खाल्ली, चहा घेतला, पुन्हा भजी घेतली. भूक लागली होती. बोटांना सफेद्याचा तेलकट वास येत होता. खिशाला हात लावून बघावं असंही वाटलं नाही. मला फक्त एक गोष्ट कळत होती: आज घरी जाताना हात रिकामे नाहीत.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. वहिनी स्टोव्हजवळ भाकरी थापत होती. तिची नजर नेहमीसारखी माझ्या हातांवर आली. मी खिशातून फडकं काढून तिच्यासमोर ठेवलं. तिनं पिठाचे हात पदराला पुसले, फडकं उघडलं. आतली वस्तू मळकट, पांढरट, रॉकेलच्या वासाची. तिनं नखानं खरवडली. तांबडा पदर दिसला तशी तव्यावरची भाकरी तव्यावरच राहिली.

"कुठं व्हता?"

मी सांगितलं. बोटीत बायका-पोरं होती, भात्याची पट्टी तुटली, बोट बुडत होती. बांधायला काही नव्हतं. दादानं पाण्यात उतरून करदोडा खाली सरकवून काढला आणि त्यानं भाता बांधला. सगळे काठाला आले. ती ऐकत होती, पण मधेच उठली. डोक्यावर पदर घेतला, चपलाही न घालता बाहेर गेली. मी तिच्यामागे दारापर्यंत गेलो. समोर काकींचं दार उघडं होतं. वहिनी त्या दारात जाऊन उभी राहिली आणि वर्षभर न काढलेला आवाज काढला.

"काकी, ह्यो बघा करदोडा. कुठं सोडून आलते इचारत व्हतासा न्हवं? मानसं बुडायला लागलती, तितं सोडून आलते. बघून घ्या. सगळ्यांस्नी सांगा."

आजूबाजूच्या दोन दारांतली माणसं बाहेर आली. काकी काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही. वहिनी थांबली नाही. परत येऊन तिनं करपलेली भाकरी उतरवली, स्टोव्ह बंद केला आणि दिव्याखाली बसून दोरा पुन्हा हातात घेतला. आता ती तो सावकाश बघत होती, आपण वळलेली वस्तू बघतात तसा.

"गाठ माझीच हाय," ती म्हणाली. "सोडलेली न्हाई. तसाच्या तसा सरकवून काढलाय." मग तिची बोटं पुढं सरकत गेली आणि थांबली. दोन टोकं होती, स्वच्छ, सरळ कापलेली. ती टोकं तिनं दिव्याजवळ धरली. तिचा चेहरा उतरला. "ह्यो तुटलाय. कुणी तोडला? तेनी?"

"नाही," मी म्हटलं. "त्यानं अख्खाच बांधला होता. तो मी तोडला. आज सकाळी, पात्यानं. वर सफेदा होता, मला काय माहीत काय आहे ते."

मला वाटलं, ती आता रागावेल. तिचा तेवढा एक दोरा शिल्लक होता आणि तोही मी करवतीनं कापून आणला होता.

"तुमीच तोडलासा?"

"मीच."

"दुसऱ्या कुणी न्हाई न्हवं?"

"नाही. ड्रायव्हरलाही शिवू दिलं नाही."

"मग झालं की वो भावजी," ती म्हणाली. "घरच्याच मानसानं तोडला. पाठच्या भावानं तोडला." तिनं दोन्ही टोकं एकत्र धरली, मुठीत मिटली. "आता गेले ते."

ती रडायला लागली. वर्षभराचं रडणं होतं, त्याला आवाज होता, आणि ते गल्लीनं ऐकलं तरी तिला पर्वा नव्हती. मी समोर बसून होतो. पातं तिसऱ्यांदा सरकलं आणि काहीतरी कट्कन तुटलं, ते मला आता हातात जाणवलं. माझ्या भावाला आंघोळ घालून झाली होती, खांदा देऊन झाला होता, तेरावा झाला होता, आणि तरीही तो गेला तो आज सकाळी, माझ्या हातानं. दाढ बधिर असते तोवर बरी असते. मी तोंडावर हात घेतले. हातांना सफेद्याचा वास येत होता, दादाच्या हातांना यायचा तोच, आणि मला रडू फुटलं.